ताटावरचा आडवा हात

अक्का, तुझ्या तेराव्याची यादी मीच केली. दुसरं कोण करणार होतं? भाऊजी ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते ते उठतच नव्हते, तुझ्या सुनेचे, सुनंदाचे, डोळे रडून सुजलेले. मी अमळनेरहून निघतानाच पिशवीत वही टाकली होती. मंडप, पातेली, पाण्याची टाकी, गुरुजींचा शिधा, मुक्कामी राहणाऱ्यांची अंथरुणं. बत्तीस ओळी झाल्या. संध्याकाळपर्यंत एकतीस ओळींवर काट मारून झाली. एकच ओळ राहिली. ‘अक्काचं पान’ एवढं लिहून पुढे मी जागा सोडली होती.

गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते त्याच्या पानावर वाढतात. इतर कुणाच्या बाबतीत हा दोन मिनिटांचा प्रश्न असतो. तुझ्या घरात त्यावर तासभर बोलणं चाललं. तुझ्या चुलत जावा म्हणाल्या, मांडे ठेवा, त्यात विचारायचं काय? सगळ्या धुळ्याला मांडे करून खाऊ घातलेली बाई, तिच्या पानावर मांडा नाही असं होईल का? एकीने शेव सांगितली, एकीने जिलेबी. मी म्हटलं, अक्काने हे सगळं सोडून तेरा वर्षं झाली होती. त्यावर भाऊजींचे थोरले भाऊ, आपले नाना, तंबाखू मळत म्हणाले, “आते तिनं वजन कोन करी र्‍हायनं? खाऊ दे ना बिचारीले!”

बायका हसल्या, आणि हसता हसता दोघी-तिघी रडायला लागल्या. मी वही मिटली आणि म्हटलं, सकाळी सांगते.

थकले होते गं. तुझ्या बाजूने बोलायचं तेरा वर्षं माझ्या अंगवळणी पडलं होतं, पण तेव्हा तू समोर असायचीस. तुझ्यामागे एकटीने बोलायचं बळ त्या संध्याकाळी माझ्यात नव्हतं.

एरंडोलचं ते लग्न आठवतं? त्र्याऐंशीचा उन्हाळा. तू सकाळपासून दोन खापरांपुढे बसून मांडे करत होतीस. मनगटापासून कोपरापर्यंत हातावर तो मांडा फिरवत मोठा करायचीस आणि उलट्या खापरावर अलगद टाकायचीस. बघायला बायका गोळा व्हायच्या. शेवटची पंगत उठल्यावर मी तुला शोधत मागे आले, तर तू लाकडांच्या ढिगाआड उभी राहून खात होतीस. तूप नाही, दूध नाही, कोरडे मांडे, घडीवर घडी करून. मला बघून थांबली नाहीस. तोंड भरलेलं असताना डोळ्यांनीच मला म्हणालीस, जा. मी गेले.

परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसलीस. पारोळा मागे पडल्यावर खिडकीबाहेर बघतच म्हणालीस, “कुसुम, मला थांबता येत नाही.”

“कामाने थकतेस तू. भूक लागते.”

“भूक नसते. तेच तर सांगतेय. भूक नसतेच.”

मग तू सगळं सांगितलंस. गाद्यांच्या पेटीत शेवेचा डबा असतो. पापड लाटायला बायका जमल्या की लाटल्या जातात त्याहून जास्त लाट्या तुझ्या पोटात जातात. ज्वारीच्या पापडांचा, बिबड्यांचा, घाटा शिजला की सगळ्या वाटीभर तेल घालून खातात, तू पातेलं निपटतेस आणि वर म्हणतेस, पोरांनी संपवलं. आणि खाऊन झालं की स्वतःची इतकी किळस येते की ती घालवायला पुन्हा खातेस. मी तुझी आठ वर्षांनी धाकटी बहीण, शाळेच्या ऑफिसात कारकून, सगळ्या गोष्टींवर इलाज असतो असं मानणारी. मी पिशवीतून वही काढली. अमळनेर येईपर्यंत तुझा सकाळ-दुपार-संध्याकाळचा आहार लिहून तयार होता. तू तो कागद नीट घडी करून कमरेला खोचलास.

महिन्याने विचारलं तर म्हणालीस, “यादी तुझी बरोबर आहे. हात माझा चुकीचा आहे.”

त्याच सुमारास भाऊजींनी तुला पहिल्यांदा काट्यावर उभं केलं. ते जिनिंगमध्ये कापूस मोजायला. सुट्टीच्या दिवशी आपण तिघं गेलो. तू चपला काढून काट्यावर चढलीस, पदर घट्ट धरून, डोळे मिटून. भाऊजींनी वजनं सरकवली, वाकून पाहिलं आणि रोजच्या सुरात पुकारलं, “ब्याण्णव! बारदान आणि कडता वजा जाता नव्वद!”

“अहो, मी काय पोतं आहे का?”

“सवय शे व. तोंडातून निघून गेलं.”

आपण दोघी त्या काट्याला धरून किती हसलो. पोत्यामागे व्यापारी जे कापून घेतो ते तुझ्याही मागे कापलं गेलं. पुढे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तू काट्यावर चढायचीस आणि आधीच बजावायचीस, “आज कडता नको. खरं सांगा.” भाऊजींनी नंतर कधी एक ग्रॅमही वजा केला नाही. वाढलं तरी तेवढंच सांगितलं, उतरलं तरी तेवढंच. मला वाटतं, तुला जी काही मदत झाली त्यात याचा वाटा माझ्या सगळ्या याद्यांपेक्षा मोठा होता.

तुझे नियम तू स्वतः केलेस. उभ्याने खायचं नाही. स्वयंपाक करताना तोंडात काही घालायचं नाही, चव बघायलासुद्धा नाही. आणि आपल्या ताटात दुसऱ्याच्या हाताने वाढून घ्यायचं नाही. तीनच. मला ते फार थोडे वाटले. मी म्हटलं, गोड वर्ज्य, तळण वर्ज्य, हे लिही ना. तू म्हणालीस, “समोरच्या गल्लीतल्या मास्तरांची दारू सुटली, कारण ते आता गुत्त्याच्या रस्त्याने जात नाहीत. मी चूल कशी टाळू? मला दिवसातून तीनदा तिथेच जायचंय. मग निदान कसं जायचं ते ठरवू दे.”

चव न बघता स्वयंपाक म्हणजे तुझ्यासारखीला डोळे बांधून चालण्यासारखं. सगळं अंदाजाने करत आलेली तू. मग आपण एक सबंध दिवाळीची सुट्टी त्यात घातली. तू मुठीने घ्यायचीस, मी ते वाटीने मोजून लिहायचे. किती डाळीला किती गूळ, किती रशीला किती मीठ. तुझा अंदाज माझ्या कागदावर आला. तरी शेवटी जीभ लागतेच, ती माझी. सुट्टी बघून मी तुझ्याबरोबर लग्नांना यायला लागले. तू हाक मारायचीस, “कुसुम, पुरण बघ.” मी बोटावर घेऊन बघायचे आणि मान हलवायचे. बायका विचारायच्या, अक्का, तुम्ही का नाही बघत? तू सांगायचीस, “देवाच्या नैवेद्याची कुणी चव बघतं का? तसंच समजा.” त्यांना ते पटायचं. दोन वर्षांत तू ब्याण्णववरून चौसष्टवर आलीस, आणि मी अठ्ठावन्नवरून अडुसष्टवर. भाऊजी म्हणायचे, माल कुठे गेला नाही, घरातच आहे.

पण खरा त्रास आग्रहाचा होता. आपल्याकडे ताटात पडल्याशिवाय प्रेम दिसत नाही. तू पंगतीला बसलीस की वाढणाऱ्या वाकायच्या, “आखो एक ले ना व माय. तुले मन्ही आन शे.” तू ताटावर आडवा हात धरायचीस. पंजा पसरून, खाली बघत. मांडे करताना भाजल्याचे डाग असलेला तो हात मला आत्ताही दिसतो. कुणी त्या हातावरच मांडा टाकायचं, तुपासकट. तू तो उचलून शेजारणीच्या ताटात ठेवायचीस आणि हात पुसून पुन्हा आडवा धरायचीस. लोक म्हणायचे, गर्व झाला हिला. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, आपण माहेरी जायचो तर आईसुद्धा म्हणाली होती, “माझ्या हातचं नको झालं का तुला?” त्या दिवशी तू न जेवता मागच्या दारी जाऊन बसलीस. मी आले तेव्हा म्हणालीस, “तिने चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.”

तिथेच तू दुसरंही एक बोललीस. म्हणालीस, “मी मेले ना कुसुम, की हे सगळं माझ्या पानावर आणून मांडतील बघ. तेव्हा तू मध्ये पड. तेव्हा मला हात आडवा घालता येणार नाही.” मी तुला चापट मारली. असं अभद्र बोलू नये म्हटलं. दोघी हसलो.

हे मला त्या संध्याकाळी यादी करताना आठवत होतं. तरी ओळ कोरी ठेवली. हसण्यावारी बोललेलं माणसाची शेवटची इच्छा म्हणून कसं धरायचं? आणि नानांचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. आता खरंच काय बिघडणार होतं? मांडे तुला आवडत होते हे खोटं नव्हतं. तुला त्यांची भीती वाटायची ती आवडत होते म्हणूनच.

शिवाय तुझ्या बाजूने बोलायचा मला काय अधिकार होता? सुमीचं लग्न तुला आठवतं तसंच मलाही आठवतं. आपण त्यावर एक शब्दही कधी बोललो नाही, म्हणून आज लिहिते.

एकोणनव्वद साल. माझी सुमी, अमळनेरचं कार्यालय. मी मुलीची आई, हातात सात याद्या, वऱ्हाडाची बस दारात येऊन उभी. मागून तू हाक मारलीस, “कुसुम, पुरण बघ.” मी ऐकलं न ऐकलंसं केलं. पुन्हा हाक आली. मी तिथे आले, घामाघूम, चिडलेली, आणि चमचा तुझ्या हातात देऊन म्हटलं, “अक्का, सहा वर्षं झाली आता. चमचाभराने काय होतंय? तूच बघ.”

तू माझ्याकडे पाहिलंस. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, कारण मी वळले होते.

पुरण उत्तम झालं होतं. लग्न उत्तम झालं. सात महिन्यांनी तू ऐंशीवर होतीस. पहिल्या रविवारी काट्यावर जाणं बंद केलंस. मी धुळ्याला आले की तू बाजारात गेलेली असायचीस. एकदा गाद्यांची पेटी उघडली आणि डबा दिसला. मी झाकण लावलं, पेटी मिटली, चहा घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत आले. कामात मी कधी चुकत नाही असं शाळेत सगळे म्हणायचे. मी ते ऐकून घ्यायचे.

मग एक दिवस तुझं पोस्टकार्ड आलं. सबंध कार्डावर एवढंच, की बुधवारी चोपड्याला लग्न आहे, चव बघायला ये. मी रजा टाकली. तू खापरापुढे बसली होतीस. मला पाहून बाजूला सरकलीस, बसायला जागा केलीस आणि म्हणालीस, “पुरण बघ.” मी बघितलं. मान हलवली. तेवढंच. चौसष्टवर यायला तुला पुन्हा दीड वर्ष लागलं, आणि त्यानंतर तू तिथेच राहिलीस, किलो इकडे किलो तिकडे.

आपला वाद मात्र चालूच होता. मी म्हणायचे, झालं ना आता? ओळीवर काट मार, मोकळी हो. काम झालं की खोडायचं, यावर माझं सगळं आयुष्य चाललंय. तू म्हणायचीस, “ही ओळ खोडायची नसते गं. रोज सकाळी तीच पुन्हा लिहायची.” मला ते हट्टाचं वाटायचं. वाटायचं, आजार धरून ठेवायची हौस असते काही माणसांना. अजूनही तुझं म्हणणं मला पूर्ण पटलेलं नाही. पण तू नेमकं काय सांगत होतीस ते दवाखान्यात थोडं कळलं.

कावीळ वाढली तशी तुझी भूक गेली. आयुष्यात पहिल्यांदा तुला भूक नव्हती आणि खायचीही इच्छा नव्हती. येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन येत होता. उसाचा रस, मुरमुरे, पेज. मी सगळ्यांना दारातूनच परत पाठवत होते. आणि शेवटच्या दिवशी दुपारी मीच पेजेची वाटी घेऊन तुझ्याजवळ बसले. “अक्का, दोन घास घे.” तू मान हलवलीस. “एकच घे. माझ्यासाठी घे.” तुला डोळे उघडायलाही जड जात होतं. तरी तुझा हात चादरीतून बाहेर आला, हलत हलत, आणि वाटीवर आडवा पडला.

तेरा वर्षं मी तुला लोकांच्या आग्रहापासून राखत होते, आणि शेवटचा आग्रह मी केला. तुझा हात गार होता. मी वाटी खाली ठेवली.

तू गेल्यावर भेटायला आलेल्या बायका काय बोलल्या ते तुला सांगू नये, पण तू ऐकून हसली असतीस. एक म्हणाली, “इतली बारीक व्हईसन काय भेटनं व माय? शेवट गयीच ना!” मला तिला सांगायचं होतं, की तू न मरण्यासाठी बारीक झाली नव्हतीस. लाकडांच्या ढिगाआड पुन्हा उभं राहावं लागू नये, एवढंच तुला हवं होतं, आणि ते तुला मिळालं. पण ती आपल्या मागल्या घरची म्हातारी. मी तिला पाणी दिलं.

तेराव्याच्या सकाळी उठून बघते तर सुनंदाने डाळ शिजत घातलेली. खापर धुऊन उपडं ठेवलं होतं. मला बघून घाबरली. म्हणाली, “मावशी, एकच करते ना. छोटासा. आईंनीच शिकवलाय. एकाने काय होतंय?”

हे शेवटचे शब्द ऐकले आणि मी तिथेच पाटावर बसले. माझेच शब्द होते, सात वर्षांपूर्वीचे. मग मी तिला सगळं सांगितलं. चमचा, सुमीचं लग्न, गाद्यांची पेटी. कुणालाच सांगितलं नव्हतं. ती डाळ ढवळायचं विसरून ऐकत राहिली आणि डाळ खाली लागली. वास आला तशी तिने पातेलं उतरवलं.

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “आईंनी सांगितलं होतं. पण तुमचं नाव नाही घेतलं कधी. म्हणायच्या, त्या दिवशी चमचा माझा मीच तोंडात घातला.”

अक्का, हे तू तिला सांगितलंस, मला का नाही? मी सात वर्षं वाट बघत होते. आणि ऐकूनही मला ते जसंच्या तसं घेता येत नाही. घातलास तू, हे खरं. पण हातात मी दिला होता. तू असतीस तर यावर आपलं भांडण झालं असतं आणि मग तू भाकरी थापायला बसली असतीस. आता हे भांडण मला एकटीलाच ओढत न्यायचंय.

मी वही काढली आणि कोऱ्या जागेत लिहिलं. एक कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकरी. मेथीची भाजी. वाटीभर वरण, वाटीभर ताक. तुझं रोजचं ताट. भाकरी मी थापली, भाजी सुनंदाने केली. चव कुणीच बघितली नाही. मीठ कागदावरच्या मापाने घातलं.

नानांनी पान पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “हाई काय पान शे? लोके काय म्हनतीन?” जावा एकमेकींकडे बघायला लागल्या. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात भाऊजी ओट्यावरून उठले. तेरा दिवसांत ते कुणाशी धड बोलले नव्हते. पानाजवळ आले, काट्यावर वाकायचे तसे कमरेत वाकून त्यांनी त्या भाकरीकडे, भाजीकडे, दोन वाट्यांकडे पाहिलं.

“बरोबर शे,” ते म्हणाले. “यातलं काही वजा करू नका. आणि वर काही टाकू नका.”

नाना बाजूला सरले.

गच्चीवर पान मी नेलं. कठड्यावर ठेवलं, पाणी फिरवलं. कावळा कधी आला ते मी बघत थांबले नाही, खाली बुंदीच्या पंगतीला माणसं बसायची होती. मागे सरताना सवयीने ओठांवर आलं होतं, “अजून थोडं?” पंगतीत कुणाच्याही पानाजवळून जाताना मी ते विचारतेच. तोंड उघडलं होतं, ते मिटलं. हात जोडले आणि जिना उतरले.

या वेळी तुला हात आडवा घालावा लागला नाही.